ते उंदीर धावतच होते

‘रोज एक ग्लास रेड वाईन म्हणजे जिममधला एक तास’ हा मजकूर गेली काही वर्षे मोबाइलवर फिरून फिरून येतो. आमच्या पंतनगरच्या सोसायटीच्या ग्रुपवर तो नुकताच पुन्हा आला आणि त्याखाली अंगठ्यांची रांग लागली. अंगठा देणाऱ्यांत मधुमेह असलेले होते, रक्तदाबाची गोळी घेणारे होते, गुडघे दुखतात म्हणून चालणे सोडून दिलेलेही होते. माझी सगळी नोकरी शारीरिक शिक्षण शिकवण्यात गेली, त्यामुळे गप्प बसवत नाही. ज्या प्रयोगाच्या जिवावर हा दावा केला जातो, तो प्रयोगच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या जेसन डाइक आणि सहकाऱ्यांनी तो 2012 साली प्रसिद्ध केला. द्राक्षाच्या सालीत रेस्व्हेराट्रॉल नावाचे द्रव्य असते. ते त्यांनी उंदरांच्या खाद्यात मिसळले. पण हे उंदीर पिंजऱ्यात पडून नव्हते, बारा आठवडे त्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवले जात होते. पळून शिवाय हे द्रव्य खाणाऱ्या उंदरांची क्षमता नुसत्या पळणाऱ्यांपेक्षा सुमारे 21 टक्क्यांनी जास्त भरली. व्यायामात पडलेली भर ती एवढीच, आणि वाईन तर त्यांना कोणी पाजलीही नव्हती. बातमी या हातातून त्या हातात जाताना पळणे गळून पडले आणि उरला तो पेला.

माणसांवर काय झाले तेही पाहू. कोपनहेगनमध्ये 65 वर्षांच्या आसपासच्या, फारशी हालचाल नसलेल्या 27 निरोगी पुरुषांकडून आठ आठवडे कसून व्यायाम करून घेतला. निम्म्यांना रोज 250 मिलिग्रॅम रेस्व्हेराट्रॉल दिले, बाकीच्यांना तशीच दिसणारी पोकळ गोळी. 2013 साली निष्कर्ष आला, तो उलटाच. श्वासाने घेतलेला प्राणवायू वापरण्याची ताकद पोकळ गोळीवाल्यांत 45 टक्क्यांनी अधिक वाढली आणि रक्तदाबही फक्त त्यांचाच उतरला. व्यायामाने मिळणारा फायदा या द्रव्याने कमी केला होता. आता हिशेब करा. रेड वाईनमध्ये हे द्रव्य लिटरमागे दोन मिलिग्रॅम धरले, तर 250 मिलिग्रॅमसाठी रोज सव्वाशे लिटर वाईन लागेल. तेवढ्या बाटल्या ठेवायला घरातले एक कपाट पुरणार नाही.

यावर लगेच फ्रान्सचे उदाहरण दिले जाते. तिथले लोक लोणी-चीज भरपूर खातात, तरी हृदयविकार कमी, कारण वाईन. 1991 साली अमेरिकेतल्या एका लोकप्रिय टीव्ही कार्यक्रमाने ही गोष्ट घरोघरी पोचवली आणि रेड वाईनचा खप धडाधड वाढला. नंतर अभ्यासकांनी या आकडेवारीतले भोक दाखवले. ‘न पिणाऱ्यां’च्या यादीत असे अनेक जण होते, ज्यांनी आजारी पडल्यावर दारू सोडली होती. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारे निरोगी दिसणारच. शिवाय जेवणासोबत बेताने वाईन घेणारा माणूस बहुधा सुस्थितीतला असतो, बरे खातो, फिरायला जातो, वेळेवर डॉक्टरकडे जातो. त्याच्या तब्येतीचे श्रेय पेल्याला का द्यायचे?

आणि पेल्यात असते तरी काय? 13 टक्के अल्कोहोलच्या वाईनचा 150 मिलीचा ग्लास म्हणजे सुमारे 15 ग्रॅम अल्कोहोल. आपल्याकडच्या व्हिस्कीच्या 30 मिलीच्या पेगमध्ये ते सुमारे 10 ग्रॅम असते. म्हणजे एक ग्लास वाईन म्हणजे दीड पेग. यकृताला बाटलीवरचे लेबल वाचता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी 2023 मध्ये स्पष्ट सांगितले की दारूचे कोणतेच प्रमाण आरोग्याला सुरक्षित नाही. स्त्रियांमध्ये थोड्या मद्यपानानेही स्तनाच्या कर्करोगाचा धोका वाढतो. ‘हार्टला चांगली’ म्हणून बहिणीला, आईला ग्लास पुढे करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

जानेवारी 2022 मध्ये राज्य सरकारने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला, तेव्हा वाईन म्हणजे दारू नव्हेच असे सांगणारे नेते आपण ऐकले. अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, बराच वाद झाला. नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला चार पैसे जास्त मिळावेत, यात मला काही गैर वाटत नाही. तो वाद शेतीमालाच्या भावाचा म्हणून उघड घाला. त्याला औषधाचा वेष चढवू नका.

व्यायामाचा पुरावा मात्र आपल्या रोजच्या बसमध्ये उभा आहे. लंडनमध्ये जेरी मॉरिस यांनी दुमजली बसच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास करून 1953 साली तो प्रसिद्ध केला. दिवसभर बसून असणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा जिने चढ-उतर करणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी होत होता. नोकरी एकाच कंपनीत, बसही तीच, फरक मुख्यतः पायांच्या कामाचा. चालताना आखडणारा स्नायू इन्सुलिनची वाट न पाहता रक्तातली साखर ओढून घेतो. हाडांवर भार पडला की ती घट्ट राहतात, तोल सांभाळायची सवय राहिली की म्हातारपणी पडणे टळते. यातले कोणते काम पेला करणार आहे?

भारतात 2022 साली जवळपास निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करत नव्हते, स्त्रियांत तर 57 टक्के, असे ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधील 2024 च्या पाहणीत दिसले. याचे खापर एकट्या आळसावर फोडणे मला मान्य नाही. घाटकोपर पश्चिमेला लाल बहादूर शास्त्री मार्गावर मेट्रो-4 च्या कामाने आणि पार्किंगने पादचाऱ्याला धड जागा उरलेली नाही. स्टेशनच्या बाजूला तर संध्याकाळी पाऊल टाकायचे म्हणजे माणसांच्या लोंढ्यात शिरणे. असल्फ्याच्या डोंगरावरच्या बायका पाण्याच्या कळशा घेऊन रोज पायऱ्या चढतात, त्यांना व्यायामाचे धडे देण्याची गरज नाही. पण खालच्या इमारतींतल्या साठीच्या बाईने रोज अर्धा तास चालायचे कुठे? पूर्वेला आचार्य अत्रे मैदान आहे, पण सगळ्यांनाच ते जवळ नाही.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. महापालिकेच्या एन विभागाने त्यासाठी तीन गोष्टी कराव्यात. पालिका शाळांची मैदाने पहाटे साडेपाच ते सात आणि सुट्टीच्या दिवशी रहिवाशांना उघडावीत. पदपथांवरच्या गाड्या आणि राडारोडा उचलावा. आणि चालण्याच्या वाटांवर दिवे आणि बाके द्यावीत, म्हणजे गुडघेदुखीवालाही थांबत थांबत फेरी पूर्ण करील. विभाग कार्यालयाकडे या मागणीचा अर्ज देत आहोत. घाटकोपरच्या इतर सोसायट्यांनीही द्यावा.

– एक निवृत्त शिक्षिका, पंतनगर, घाटकोपर (पूर्व)