फळ्यानंतरचा कागद

जिल्हा परिषदेच्या शाळेतले गुरुजी आणि बाई 58 व्या वर्षी निवृत्त होतात. शाल-श्रीफळ होते, मग ‘आता आराम करा’ असे सगळेच सांगतात. आम्ही सांगतो, ज्यांचा हात चित्रात रमतो त्यांनी रंगपेटी उघडावी.

प्रल्हाद अनंत धोंड 1968 मध्ये मुंबईच्या जे. जे. कलाशाळेतून अधिष्ठाता म्हणून निवृत्त झाले आणि जलरंगातल्या समुद्रातच रमले. ते मुळात चित्रकलेचेच शिक्षक होते, असे कोणी म्हणेल. मग रवींद्रनाथ पाहा. शांतिनिकेतनात शिकवणारा हा कवी साठीनंतर चित्रांकडे वळला. 1930 मध्ये पॅरिसला त्यांचे प्रदर्शन भरले.

जलरंगात पांढरा रंग सहसा लावत नाहीत, कागदच कोरा सोडतात. नाणेघाटातले श्रावणी धुके रंगवायचे तर हेच जमावे लागते: ओला कागद, जीवधन किल्ल्याच्या कड्याची गडद कडा, आणि वेळीच थांबणारा हात.

आंबेगाव तालुक्यात काम याहून निकडीचे आहे. ज्या गावावरून तालुक्याला नाव मिळाले, ते मूळ आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. ते डोळ्यांत साठवलेली माणसे आता थकली आहेत. गुरुजींनी त्यांच्याजवळ बसावे, विचारत विचारत रेखाटावे: घराचे तोंड कुठे होते, घोड नदीकडे उतरणारी वाट कुठली. रेघ वाकडी आली तरी चालेल. अशी चित्रे आमच्याकडे जरूर पाठवा. अंकाचे मलपृष्ठ त्यांच्यासाठी राखून ठेवले आहे.