वैद्याच्या वेळेतील नित्यग आणि आवस्थिक

चरकाचार्यांनी विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात काळाचे नित्यग आणि आवस्थिक असे दोन भेद सांगितले आहेत. दिवस, रात्र, ऋतू हा नित्यग. व्याधीच्या अवस्थेनुसार ठरणारा तो आवस्थिक. रुग्णाच्या बाबतीत हा भेद आपण कटाक्षाने पाळतो. स्वतःच्या दिवसाची आखणी करताना मात्र तो विसरतो, असे आमचे निरीक्षण आहे.

सर्व वेळ नोंदवहीत आगाऊ बांधून टाकण्याची रीत आता रूढ झाली आहे. बाह्यरुग्ण तपासणीस ती सोयीची, याबद्दल दुमत नाही. शोधनकर्माला तीच लावली म्हणजे घोटाळा होतो. वमनापूर्वीचे स्नेहपान कोष्ठानुसार ३ ते ७ दिवस चालते. मृदुकोष्ठी तिसऱ्या दिवशी सम्यक् स्निग्ध होईल, क्रूरकोष्ठीस सातवा उजाडेल. त्यानंतर एक दिवस कफोत्क्लेशक आहार आणि दुसऱ्या सकाळी वमन. तेव्हा 'येत्या गुरुवारी तुमचे वमन' असे पहिल्याच भेटीत सांगणारा वैद्य लक्षणे पाहणार की दिनदर्शिका?

रुग्णाची अडचणही खरी आहे. रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील कामगार पाळीने काम करतो. रजेची तारीख त्याला आधी कळवावी लागते. वर्षा ऋतू बस्तीचा, पण पेणचे मूर्तिकार आषाढ-श्रावणात मान वर करीत नाहीत. शरदात विरेचन सांगावे, तर शेतकरी भातकापणीत. पाळीच्या कामगाराला आम्ही एक तारीख देत नाही. स्नेहपानाच्या पहिल्या दिवसापासून संसर्जनक्रमाच्या अखेरीपर्यंत सुमारे १५ दिवसांची रजा मागावयास सांगतो. काम लवकर आटोपल्यास तो आधी रुजू होतो. रजा ऐनवेळी वाढवून घेणे मात्र त्याला जड जाते.

आमच्या बाजूने वसंतातील सकाळी दहापर्यंतचा कफकाळ आम्ही मोकळा राखतो. तपासणी सायंकाळी, ठरलेल्या वेळी. रोह्याला जाण्याचे दिवस गाडीच्या वेळेला बांधलेले असल्याने त्या दिवशी वमन नाही. मोकळी सकाळ म्हणजे बुडालेले उत्पन्न, असा आक्षेप काही व्यवसायबंधू घेतात. आम्हाला तो मान्य नाही. वमन नसलेल्या सकाळी रुग्णनोंदी पूर्ण होतात, वनस्पती निवडून होतात, वाचन होते. ही कामे मागेपुढे सरकली तरी बिघडत नाही. वमनाची सकाळ सरकत नाही.

औषधनिर्मात्यांची गोष्ट निराळी नाही. आसवारिष्टाचे संधान थंडीत लांबते. भांड्याला कान लावला असता आतला आवाज थांबलेला आहे आणि पेटती काडी आत धरली असता विझत नाही, म्हणजे ते पूर्ण झाले. अमुक तारखेस माल देऊ, असे आधीच लिहून देणाऱ्यावर अपुरे संधान गाळण्याची पाळी येते. त्यापेक्षा तयार साठा हाताशी ठेवून मागणी स्वीकारावी; जुनी आसवारिष्टे शास्त्राने गुणवानच मानली आहेत. चूर्णे काय, मधल्या कोणत्याही दिवशी कुटता येतात!

संघटनेस एक विनंती. वसंतातील सभा सकाळी ठेवू नयेत. दुपारी तीननंतर ठेवल्यास पेण आणि रोहा दोन्हीकडच्या वैद्यांना हातची कर्मे उरकून येता येईल.