पन्नास तास आणि एक वर्ग

उद्या शिक्षकदिन. २०१७ साली याच ५ सप्टेंबरला ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ शिक्षकांसाठी खुले झाले आणि शिक्षकांचे प्रशिक्षण हळूहळू मोबाइलमध्ये आले. २०१९ मध्ये प्रत्यक्ष वर्गांतून सुरू झालेली ‘निष्ठा’ ही शिक्षक-प्रशिक्षण योजना कोविडच्या काळात, २०२० च्या ऑक्टोबरात, ‘दीक्षा’वर गेली. महाराष्ट्रात २०२२ मध्ये वरिष्ठ वेतनश्रेणी आणि निवडश्रेणीचे प्रशिक्षणही ऑनलाइनच झाले. प्रत्येक शिक्षकाने वर्षाला किमान ५० तासांच्या प्रशिक्षणात भाग घ्यावा, असे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगते. हेतू चांगला आहे. वर्ग वाऱ्यावर सोडून तालुक्याच्या गावी आठवडाभर बसण्याची वेळ त्यामुळे टळते, हेही खरे. पण तास मोजणे सोपे असते, म्हणून व्यवस्था तेवढेच मोजू लागते. त्या तासांत माणूस शिकला का, हा प्रश्न मग कुणीच विचारत नाही.

मुळशी तालुक्यातल्या नेऱ्यासारख्या गावात हा प्रश्न जवळून दिसतो. शेजारी मारुंजी, त्यापलीकडे हिंजवडीचे आयटी पार्क. तिथला अभियंता दरवर्षी माहिती-सुरक्षेचे ऑनलाइन प्रशिक्षण पूर्ण करतो आणि या पट्ट्यातला जिल्हा परिषदेचा शिक्षक अध्यापनशास्त्राचे. दोघांच्या कामात काहीही साम्य नाही, पण प्रशिक्षणाचा साचा एकच: व्हिडिओ पाहा, ‘नेक्स्ट’ दाबा, चार पर्यायांतून एक निवडा, प्रमाणपत्र उतरवून घ्या. इकडे शिक्षकाच्या वर्गात इमारतींच्या बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले बसलेली असतात. कुणाच्या घरी हिंदी, कुणाच्या घरी कन्नड. काही मुले तर काम संपले की सत्राच्या मध्येच निघून जातात. या मुलांना मराठी वाचायला कसे शिकवावे, ही त्या शिक्षकाची आजची अडचण आहे. बहुभाषिक वर्गाची व्याख्या चार पर्यायांतून ओळखता आल्याने ती सुटत नाही.

या साच्याचे मूळ अनेकदा वर्तनवादात, म्हणजे बी. एफ. स्किनर यांच्याकडे दाखवले जाते. १९५३ साली स्किनर आपल्या मुलीच्या चौथीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसले होते. आपले उत्तर बरोबर की चूक, हे मुलांना वेळेवर कळतच नाही आणि साऱ्या वर्गाला एकाच वेगाने चालावे लागते, हे त्यांना खटकले. त्यातून त्यांचे अध्यापन-यंत्र आले. पण विद्यार्थ्याने उत्तर स्वतः तयार करावे, आयते पर्याय देऊ नयेत, असा त्यांचा आग्रह होता. आपण यंत्र घेतले आणि त्यांचा आग्रह मात्र सोडून दिला.

व्हिडिओ संपताच होणाऱ्या चाचणीबद्दलही असेच म्हणावे लागते. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांचा २००६ सालचा प्रयोग प्रशिक्षण आखणाऱ्या प्रत्येकाने वाचायला हवा. एका गटाने उतारा पुन्हा वाचला, तर दुसऱ्याने पुस्तक मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी तपासले तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने चित्र उलटले: पुन्हा वाचणाऱ्यांना सुमारे ४२ टक्के मजकूर आठवला, आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के. लगेच घेतलेल्या चाचणीतले गुण म्हणजे शिकणे नव्हे, हे यापेक्षा स्पष्ट कसे सांगायचे? मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी विस्मरणाचा वेग मोजून प्रसिद्ध केला तो १८८५ मध्ये. तरीही आपल्याकडे मुदत जवळ आली की सारी मॉड्यूल एका रविवारी उरकली जातात. हा दोष शिक्षकांचा मानणे अन्यायाचे आहे. जी आखणी फक्त शेवटची तारीख विचारते, तिला लोक शेवटच्या तारखेलाच उत्तर देतात.

शिकणाऱ्याची अडचण ओळखून शिक्षण आखणे महाराष्ट्राला नवे नाही, हे अधिक बोचते. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभे राहिले. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले यांनी दूरशिक्षणाचा पाया घातला, तेव्हा विद्यार्थ्याच्या हाती नुसते पुस्तक दिले नाही. पुस्तक स्वतः शिकता येईल अशा रीतीने लिहिले जाई आणि त्याच्या जोडीला अभ्यासकेंद्र असे, संमंत्रक असे. अडलेल्या जागी विचारायला माणूस होता. नोकरी सांभाळून तिथून बी.एड. झालेले कितीतरी शिक्षक आज निवृत्तीला आले आहेत. त्याआधी, १९४५ मध्ये, ताराबाई मोडक यांनी बोर्डीत बालशिक्षणाचे काम सुरू केले आणि पुढे अनुताई वाघ यांच्या साथीने ते कोसबाडला वाढवले. मुले शाळेत येत नाहीत तर शाळा त्यांच्या अंगणात गेली. शिकणारा कुठे उभा आहे, हे आधी पाहायचे, ही शिक्षणशास्त्राची पहिली अट त्यांनी कामातून पाळली. प्रौढांच्या शिक्षणाबद्दल माल्कम नोल्स यांनी मांडलेला विचारही हाच: मोठा माणूस समोरची अडचण सोडवण्यासाठी शिकतो.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ५० तासांतले निम्मे तास शिक्षकाच्या वर्गात घडलेले धरावेत. एक छोटा व्हिडिओ पाहावा, त्यातली एक युक्ती सोमवारी वर्गात करून पाहावी, काय झाले ते चार ओळींत लिहावे आणि पंधरा दिवसांनी त्याच विषयावर पुन्हा प्रश्न यावा. लिहिलेले तपासायला परक्या यंत्रणेची गरज नाही. प्रत्येक केंद्रात, म्हणजे जवळपासच्या शाळांच्या गटात, शिक्षकांची शिक्षण परिषद भरते. आज तिथे परिपत्रके वाचण्यात आणि माहितीचे तक्ते गोळा करण्यात बराच वेळ जातो. त्याऐवजी नेरे-मारुंजी भागातल्या शिक्षकांनी एकमेकांच्या चार ओळी समोर ठेवून बोलावे. कन्नड बोलणाऱ्या मुलाला पहिला मराठी शब्द कुणी कसा वाचायला दिला, हे शेजारच्या शाळेतल्या बाई जितके नेमके सांगतील तितके कोणताही व्हिडिओ सांगणार नाही. मानसशास्त्रज्ञ व्हिगॉट्स्की यांच्या विचारातला जाणत्याचा आधार इथे अक्षरशः पुढच्या खुर्चीवर बसलेला असतो.

यासाठी नवे ॲप लागत नाही. लागतात ते तीन निर्णय: मुदत महिन्यांच्या टप्प्यांत वाटून द्यायची, वर्गातल्या प्रयोगाचे तास प्रमाणपत्रात धरायचे, आणि परिषद चालवणाऱ्या केंद्रप्रमुखांची रिकामी पदे भरून त्यांना कागद गोळा करण्याच्या कामातून सोडवायचे. शिक्षकदिनाच्या भाषणांत शिक्षण खात्याने यांतल्या एकाची जरी तारीख जाहीर केली, तरी ती उद्याची सर्वांत मोलाची बातमी ठरेल.