‘इज’ची जागा

इंग्रज १९४७ साली गेले. जाताना बरंच काही घेऊन गेले, त्याबद्दल इतिहासकार बोलतीलच. पण आपला ‘इज’ कुठे बसवायचा हे भांडण ते आमच्या घरात ठेवून गेले, ही माझी खरी तक्रार आहे.

‘व्हेअर इज द स्टेशन?’ हे बरोबर. पण हेच अदबीने विचारायला जा. ‘कॅन यू टेल मी’ म्हटलंत की पुढे ‘व्हेअर द स्टेशन इज’! म्हणजे आपण विनंती करायची आणि बिचाऱ्या ‘इज’ने भरल्या पानावरून उठून पंगतीच्या टोकाला जाऊन बसायचं. ‘व्हेअर डज ही लिव्ह?’ मधला ‘डज’ तर घरच सोडतो आणि जाताना आपलं शेपूट ‘लिव्ह’ला चिकटवतो : ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज.’ बरं, नियम सर्वांना सारखा म्हणावा, तर ‘हू ब्रोक द कप?’मध्ये कुणी जागचं हलत नाही. का? तर तिथे ‘हू’ हाच कर्ता! कर्त्याला सगळीकडेच सवलत.

आता आपली मराठी पाहा. ‘तो कुठे राहतो?’ ‘तो कुठे राहतो ते ठाऊक नाही.’ एक ‘ते’ जोडलं, काम झालं. या भाषेत वाढलेला पोरगा ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ म्हणतो, तो घरच्या वळणाने सरळ वागतो म्हणून. गंमत अशी, की ‘व्हेअर द स्टेशन इज’मध्ये क्रियापद शेवटी, अगदी ‘स्टेशन कुठे आहे’सारखं. इंग्रज नम्र झाला की मराठी वळणावर येतो, आणि नेमके तेव्हाच आपण साहेबी वळण धरून बसतो!

बरं, हा गुन्हा आपणच करतो असंही नाही. आयर्लंडच्या बोलीत ‘ही आस्क्ट मी वॉज आय कमिंग’ सर्रास चालतं. त्या देशाने येट्स, शॉ, बेकेट आणि हीनी असे साहित्याचे चार नोबेलवाले दिले. ‘वॉज’ने कुणाची वाट अडवलेली दिसत नाही.

आमच्याकडे अडते. माझ्या भाच्याला एका मुलाखतीत विचारलं, पंप बंद पडला तर काय कराल? तो म्हणाला, ‘फर्स्ट आय विल सी व्हाय इज द मोटर हीटिंग.’ पोरगा झोपेतसुद्धा मोटर उघडून जोडेल. पण साहेबांनी मोटरचं ऐकलंच नाही. त्यांनी ‘इज’ उचलून जागेवर ठेवला, चष्मा पुसला आणि ‘नेक्स्ट’ म्हणाले.

नियम शिकवा हो, जरूर शिकवा. परीक्षेत अर्धा मार्क कापा. पण अर्ध्या मार्काच्या चुकीला अख्खा माणूस कापू नका. बोललेलं समजलं ना? मग आधी पंप सुरू होऊ द्या. ‘इज’ काय, सावकाश सरकवू.