ओझं आपल्या पाठीवर, स्टेथोस्कोप कुणाच्या गळ्यात?

१८ एप्रिल २०१४ रोजी एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि १६ नेपाळी कामगार मेले. मेलेल्यांत एकही परदेशी गिर्यारोहक नव्हता. सरकारने कुटुंबामागे सुरुवातीला जाहीर केले ४० हजार नेपाळी रुपये! शेर्पा भडकले, त्यांनी काम बंद पाडलं. श्रमाची उतरंड डोंगरावरही चढते, ती अशी.

त्यानंतर सव्वा महिन्याने, २५ मे २०१४ ला, तिबेटच्या बाजूने दोन मुलं त्याच शिखरावर पोहोचली. १३ वर्षांची आदिवासी मुलगी मालावत पूर्णा आणि दलित मुलगा आनंद कुमार. दोघंही सरकारी समाजकल्याण निवासी शाळांचे विद्यार्थी. संधी मिळाली की आपली पोरं कुठवर जातात, हे जगाने पाहिलं.

आता पुढचा प्रश्न. ओझं वाहणारे आपण, चढणारेही आपण. मग मोहिमेचा डॉक्टर कोण? मोहीम-वैद्यक ही आज स्वतंत्र वाट आहे. उंचीवर फुप्फुसात किंवा मेंदूत पाणी साचलं, तर हाताशी ना सीटी स्कॅन, ना आयसीयू. लक्षणं ओळखायची, ऑक्सिजन आणि औषध द्यायचं, रुग्णाला खाली उतरवायचं. अंटार्क्टिकावरील मैत्री आणि भारती या आपल्या केंद्रांवरही डॉक्टर लागतात. त्या मोहिमांचा कारभार गोव्यातील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र पाहतं. आपल्या किती एमबीबीएस मुलामुलींना हे कुणी सांगितलं?

काहीजण म्हणतील, "वस्तीत डॉक्टर नाही आणि अंटार्क्टिकाच्या गप्पा कसल्या?" मित्रांनो, विद्या एकच आहे. गडचिरोलीत पावसाळ्यात बाळंतिणीला खाटेवरून आणावं लागतं, तिथे हेच कौशल्य लागतं. डॉ. हिंमतराव बावस्करांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात विंचूदंशाचे रुग्ण रात्र-रात्र तपासले, प्राझोसिन हे साधं औषध वापरून जीव वाचवले आणि ते काम 'लॅन्सेट'पर्यंत नेलं. दुर्गम भागातही जागतिक दर्जाचं ज्ञान जन्मतं, याचा हा पुरावा.

पण व्यवस्थेची नजर बघा. श्रीमंताने हौसेने बर्फात डॉक्टरकी केली की ते 'साहस'. तेच काम मेळघाटात करायचं तर ती 'शिक्षेची बदली'. रुग्ण आदिवासी आहे, एवढ्यानेच कामाची किंमत उतरते. याला जातीची मानसिकता नाही तर काय म्हणायचं?

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. दुर्गम वैद्यक हा शासकीय महाविद्यालयांत मान्यताप्राप्त अभ्यासक्रम व्हावा. केंद्राची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहे, तीत पर्वत-वैद्यकासारख्या पदविकाही घ्याव्यात. दुर्गम भागातील सेवेला रस्ता, निवास, औषधं आणि बढतीत वजन मिळावं.

बाबासाहेबांनी 'शिका' म्हटलं, तेव्हा आपल्यासाठी कोणत्याही विद्येला कुंपण घातलं नव्हतं. ज्या डोंगरावर आपण ओझं घेऊन गेलो, तिथे आता औषधाची पेटी घेऊन जाऊ. आणि परतताना ती पेटी पाड्यावर उघडू.

जय भीम!