'हात' म्हणजे 'हा' अधिक 'त' नव्हे

मराठी मजकुराचे पृथक्करण करणारा पार्सर स्वतः लिहावा की तयार लायब्ररी वापरावी, हा प्रश्न सीमाभागातील बोलीचा शब्दसंग्रह संगणकावर चढवू पाहणाऱ्या प्रत्येकापुढे येतो. 'सर्व काही आपलेच हवे' असा आग्रह धरणारे आमच्यात पुष्कळ आहेत. तो आग्रह आम्हांला सरसकट मान्य नाही.

अक्षरांच्या पातळीवर तयार लायब्ररीच घ्यावी. 'क्षि' हे आपल्याला एक अक्षर दिसते. संगणकाजवळ ती क, हलन्त, ष आणि वेलांटी अशी चार चिन्हे असतात. देवनागरी जोडाक्षर एकसंध मानण्याचा नियम युनिकोडच्या १५.१ या आवृत्तीत, २०२३ साली आला. लायब्ररी अद्ययावत ठेवणाऱ्यांना तो आयता मिळाला. मात्र तिच्यावर डोळे मिटून विसंबू नये. 'दुसऱ्या'तील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो: ऱ आणि हलन्त, किंवा साधा र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. युनिकोडच्या प्रमाणीकरणानंतरही या दोन रीती एक होत नाहीत. मग शोध घेताना नोंद असूनही सापडत नाही. एवढी दुरुस्ती चार ओळींत होते.

शब्दरूपांचे निराळे आहे. 'बेळगावातल्यांनासुद्धा' या एका शब्दात सामान्यरूप, प्रत्यय आणि अव्यय यांची मालिकाच आहे. शेवटचा 'त' दिसताच छाटणारी आज्ञावली 'घरात' सोडवील, पण 'हात'चेही 'हा' आणि 'त' करून ठेवील. स्टान्झासारख्या लायब्ररीचे मराठी वाक्यविश्लेषण ज्या संग्रहावर शिकले, त्यात वाक्ये अवघी ४६६. तीही बहुतांशी विकिस्रोतावरील गोष्टींतली. आमच्याकडचे 'मी जायलोय', म्हणजे 'मी जात आहे', तिला कोठून उमगणार? आणि यंत्राला जे चूक वाटते ते 'दुरुस्त' होते. बोलीचा संग्रह करायला निघालेले आपण प्रमाण मराठीचाच आणखी एक संग्रह करून बसू.

म्हणून हा भाग आपणच लिहावा. सामान्यरूपाच्या नियमांसाठी मोरो केशव दामले यांचे १९११चे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' हाताशी आहेच. बोलीची रूपे आणि अपवाद मात्र गावोगाव विचारूनच मिळवावे लागतील. हे नियम आज्ञावलीच्या पोटात दडवू नयेत. साध्या मजकुराच्या फाइलीत ठेवावेत, म्हणजे खानापूरच्या शाळेतील बाईंनाही त्यांतली चूक दाखवता येईल आणि स्वतःच्या हाताने सुधारताही येईल.