उभं ग्लायडर वाऱ्यानं उचललं जातं, मग माकणीतला पत्रा का उडणार नाही?

२८ मे २०२४. अमेरिकेत डॅलसच्या विमानतळावर वादळ आलं आणि गेटवर उभं असलेलं बोइंग ७३७ जागेवरून सरकलं. चाळीस टनांच्या धुडाची ही गत, तर ग्लायडरचं काय होत असेल?

एएसके-२१ हे शिकाऊ वैमानिकांसाठी जगभर वापरलं जाणारं ग्लायडर. रिकामं असताना वजन सुमारे ३६० किलो, पंखांचा पसारा १७ मीटर. आपण जमिनीवर आहोत की आभाळात, हे पंखाला कळत नाही. समोरून ताशी ५०-५५ किलोमीटरचा वारा लागला आणि नाक जरा वर असलं, की ते उभ्या जागी उचललं जाऊ शकतं.

म्हणून ग्लायडर वाऱ्याला आडवं लावतात. वाऱ्याकडचा पंख जमिनीला टेकवतात, त्यावर जुना टायर नाहीतर वाळूची पिशवी. वारा वाढणार असेल तर पंख आणि शेपूट खुंट्यांना दोरीनं बांधतात, एअरब्रेक उघडे ठेवतात, दांडी पट्ट्यानं आवळतात. खरं वादळ असेल तर पंख सुटे करून ग्लायडर आत नेणं हाच शहाणपणा.

आता तुम्ही म्हणाल, ग्लायडरचं केंद्र पुण्यात हडपसरला, त्याचं धाराशिवच्या माकणीत काय?

तर १९९३ च्या भूकंपात या पट्ट्यात दगड-मातीची घरं माणसांवर कोसळली. जड माळवदाची भीती बसली आणि हलका पत्रा जवळचा वाटू लागला. भूकंपात तो बराच सुरक्षित, पण वाऱ्यात त्याचा पंख होतो. वारा छपरावरून जाताना पत्रा वर ओढला जातो. ताशी ६० किलोमीटरला ही ओढ चौरस मीटरमागे साधारण १७ किलो, ९० ला ३८. वेग दीडपट, ओढ सव्वादोन पट! म्हणजे दहा बाय तीन फुटांच्या पत्र्यावर शंभर किलोंच्या वर. पत्र्याचं स्वतःचं वजन दहा-बारा किलो.

त्यावर चार दगड ठेवून काय होणार? उलट पत्र्यासोबत दगडही कुणाच्या तरी अंगावर.

ग्लायडरची खुंटी जमिनीत जाते, तसा पत्राही वॉशरच्या हुक-बोल्टनं लोखंडी पाइपाला आणि पाइप भिंतीत किंवा खांबात पक्का हवा. ओढ सगळ्यात जास्त कडांना आणि कोपऱ्यांना असते. वळवाच्या आधी सुरुवात तिथूनच करा, आणि हुक बसले की दगड खाली उतरवून ठेवा.